बारा घरांच्या दोन गाड्या

स्वेनबोर्ग, ४ मे

ती. सोल्वायताईस,
अस्गरचा सा. न. वि. वि.

आमच्या बारा घरांनी आपापल्या गाड्या विकून दोन विजेच्या गाड्या सामायिक घेतल्या, याचा मी तुझ्यापुढे केवढा तोरा मिरवला होता! आता हस पोटभर.

गुरुवारी तोवेला डोळ्याच्या इंजेक्शनसाठी ओडेन्सला न्यायचं होतं. एकही इंजेक्शन चुकवू नका, नाहीतर आहे ती नजरही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. खाली गेलो तर एक गाडी कुणीतरी नेलेली, दुसरीची बॅटरी रिकामी. चार्जिंगला न लावता गाडी सोडणारा कोण बेअक्कल, म्हणून मी अंगणात आरडाओरडा केला. शेजारच्या बिर्थेबाईंनी फोनवरची नोंद दाखवली. आदल्या दिवशी सगळ्यात शेवटी गाडी मीच नेली होती, स्ट्रॉबेरीची रोपं आणायला! दीड किलोमीटर, जिथं मी जन्मभर सायकलने गेलो.

बाईंनी तोवेचा कोट उचलला. ओरडून बॅटरी भरत नाही, तुम्ही गाडी चार्जिंगला लावा आणि रुग्णालयात फोन करा, आम्ही रेल्वेने जातो, एवढं म्हणून दोघी निघाल्यादेखील. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा अस्गर

स्कागेन, ९ मे

चि. अस्गर यास अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, पत्रभर स्वतःची लाज उगाळलीस, पण तोवेला इंजेक्शन मिळालं की नाही? ते लिहायचंच राहिलं!

हसले खरी, पण तुला एकट्याला नाही. छपरावर सौर पॅनेल बसल्यापासून मीही भर उन्हात यंत्रात कपडे वाळवते आणि अंगणातली दोरी रिकामी लोंबते. वीज आपली, स्वच्छ, म्हटलं की हात सैल सुटतो.

बिर्थेबाईंना माझे मनापासून आभार सांग. आणि आता तू लिहू नकोस, तोवेलाच लिहू दे.

तुम्हा दोघांची काळजी करणारी,
सोल्वाय

स्वेनबोर्ग, १७ मे

ती. वन्संस,
तोवेचा शि. सा. न.

अक्षर मोठं आहे, पण माझंच आहे. आम्ही वीस मिनिटं उशिरा पोहोचलो, तरी नर्सने माझी वेळ राखून ठेवली होती. नजर टिकली, वन्सं.

परवा बारा घरांच्या बैठकीत अस्गरने उभं राहून स्वतःच्या फालतू फेऱ्या मोठ्याने वाचल्या. मग एकेकाने आपापल्या कबूल केल्या. गाडी आल्यापासून निम्म्या सायकली गंजल्यात म्हणे. आता एक गाडी पलीकडच्या इमारतीबरोबर वाटून घ्यायची ठरलीय.

एक मात्र अस्गरला सांगितलेलं नाही. दोन वर्षांत मी पहिल्यांदाच त्याच्याशिवाय बाहेर पडले. तो गाडी चालवताना वाटभर विचारतो, ते दिसतंय का, हे दिसतंय का. जिवापाड जपतो, मी जाणते. बिर्थेने एकदाही विचारलं नाही. ती नवऱ्याच्या घोरण्याच्या नकला करत होती आणि मी डबाभर ऐकू जाईल एवढी हसले. खिडकीबाहेर पिवळं शेत आलं, ते मीच तिला दाखवलं.

अठ्ठावीस तारखेला, पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी, गाडी भरलेल्या बॅटरीनिशी दारात उभी असेल. पण मी बिर्थेला विचारून ठेवलंय आणि ती हो म्हणालीय. त्याला वाईट वाटणार नाही अशा बेताने तुम्हीच लिहाल का, की मला रेल्वेने जायचंय?

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
तोवे