माझ्याच रक्ताची जेली

ती. ताईस,

उभ्यानेच नमस्कार. (खाली वाकलो की हिरडी ठणकते.) तुझे गुडघे कसे आहेत? माझं विचारशील, तर खालचे पुढचे दोन दात हलतात आणि हिरडीतून पू येतो. क्लॅरिनेटवाल्याला पुढचे दात म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. बँडमध्ये माझ्या जागी झांजवाल्याचा मेहुणा उभा राहिलाय, आणि वाईट हे की बरा वाजवतो.

गोळ्यांचे तीन कोर्स झाले. हिरडी होती तशीच, पोट मात्र कामातून गेलं. तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाई (वय माझ्या क्लॅरिनेटपेक्षा कमी) म्हणाल्या, "काका, औषध दुखऱ्या जागीच ठेवू. तुमच्याच रक्ताची जेली करून तिच्यात. हळूहळू झिरपत राहील. रक्त तुमचंच, त्यामुळे शरीर परकं मानणार नाही." माझं शरीर मला तरी कुठे आपलं मानतं? पण बाही वर सारली. हातातून रक्त काढलं. ते लगेच यंत्रात फिरवायचं असतं, आणि नेमका तेव्हाच मी चक्कर येऊन नर्सबाईंच्या अंगावर कोसळलो. मला सावरेपर्यंत नळीतलं रक्त गोठून वाया गेलं. पुन्हा सुई. या खेपेला पिवळसर जेली धरली, तिच्यात औषध मुरवलं, हिरडी उघडून आत बसवली, वर टाके घातले.

मग बाईंनी विचारलं, "घरी कोण असतं?" मी म्हणालो, "बायको." तुझी भावजय जाऊन दोन वर्षं झाली, ताई, पण 'कोणी नाही' म्हणायला जीभ वळेना. (भूल दिली होती, असं मी स्वतःला सांगतो.) त्यांनी लगेच तिच्यासाठी कागद लिहून दिला: काकू, यांना मऊ खायला द्या, जास्त बोलू देऊ नका. तो कागद मी रोज वाचतो आणि सगळं पाळतो. न बोलण्याचं पथ्य तर आपोआपच पाळलं जातं.

पू थांबलाय. दात अजून हलतात. तीन महिने वाद्याला तोंड लावायचं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. काळजीचं कारण नाही. एवढ्यासाठी येऊ नकोस.

आणखी एक ता. क. गुरुवारी अकराला टाके काढायचेत. काल जखम बघून डॉक्टरीणबाई इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, "काकूंना घेऊनच या, मला त्यांचं कौतुक करायचंय." खरं सांगायला तीनदा फोन लावला, तीनदा ठेवला. सकाळच्या गाडीने ये. मी खुर्चीत आ वासून बसलो की तेवढ्यात तू सांगून टाक.