गाव न सांगता सुटलेली बस

बोईसर, ८ फेब्रुवारी १९९४

ती. स्व. एकनाथदादा यांस,

पुंडलिकचा साष्टांग नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सर्व ठीक. तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का, आणि वहिनींचा राग कितपत उतरला, ते कळवावे. गुरुवारी कृष्णकांत जमनाला पाहायला आला नाही, पोहे गार झाले, आणि मुलगा बेफिकीर म्हणून स्थळ सोडायचे तुम्ही ठरवलेत, असे कळले. दादा, मुलगा निर्दोष आहे. दोष स्क्रिप्टचा आहे.

आमच्या कारखान्यात शिफ्ट सुटली की बसच्या ड्रायव्हरला कॉम्प्युटरवर छापलेली चिठ्ठी मिळते. त्यासाठी मी शेल स्क्रिप्ट लिहिली आहे (कॉम्प्युटरने एकामागून एक करायची कामे लिहून ठेवायची, एवढेच). तिला आडवी रेघ आणि अक्षर देऊन हुकूम सांगतात. -g म्हटले की पुढचा शब्द गावाचा. -t म्हटले की नुसते पडद्यावर दाखवायचे, चिठ्ठी छापायची नाही. त्या दिवशी ऑफिसातल्या मंगलाताईंनी -g दाबले, तेवढ्यात फोन वाजला, गाव राहून गेले, आणि परत येऊन त्यांनी -t दाबले. स्क्रिप्टने -t हेच गाव मानले. (माणसाचेही असेच. देवापुढे हात जोडतो, मागायचे राहते, आणि मग जे पुढ्यात येईल त्यालाच प्रसाद समजतो.) झाले, गेटवर खरीच चिठ्ठी छापून निघाली. गाव : -t.

बाकीचे बोईसरलाच उतरले. पालघरला तुमच्याकडे निघालेला कृष्णकांत एकटाच, शिफ्ट करून मागच्या बाकावर गाढ झोपलेला. ड्रायव्हर नरहरीला मी नंतर जाब विचारला, तर शांतपणे म्हणाला, "कागदावर गाव नाय. मंग म्हटला, आपलाच बरा." बस थेट बेटेगावला, त्याच्या दारात. जाग आल्यावर मुलगा पालघर पालघर करू लागला, पण नरहरी पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि त्याच्या मुलीने, लाडकीने, तवा ठेवला होता. (बोंबलाचे कालवण होते म्हणे.)

मी लगेच दुरुस्ती केली. आता -g च्या मागून रेघवाला शब्द आला की स्क्रिप्ट अडते आणि गाव विचारते. अनोळखी अक्षरालाही परत पाठवते. पूर्वी ती सगळ्यांनाच आत घेई. दारी आलेल्याला नाही म्हणणे मला जड जाते.

वहिनींना नमस्कार, जमनाला आशीर्वाद.

तुमचा,
पुंडलिक

ता. क. कृष्णकांतने तुमची मनापासून क्षमा मागितली आहे. फार सज्जन मुलगा.

आणखी एक. त्याने तिकडे येण्याची वाट न पाहता या रविवारीच जमनाला घेऊन इकडे या. काल त्याने मला बाजूला घेऊन विचारले, "काका, ती चूक दुरुस्त झाली का?" झाली म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.