कुठेही न गेल्याचा दाखला मिळण्याबाबत

प्रति,
मा. हरित प्रवास अधिकारी,
जिल्हा वाहतूक कार्यालय, दुसरा मजला,
हाफेनबुर्ग, नोर्डरमार्श जिल्हा.

अर्जदार: श्रीमती हिल्के उबेन, वय ७८, मु. ओल्डरविर्दे, समुद्रबांधाकडचे शेवटचे घर.

विषय: अर्जदार १४ डिसेंबरपासून आजतागायत गावाबाहेर कुठेही गेलेली नाही, असा सही-शिक्क्याचा दाखला २४ मार्चपूर्वी मिळण्याबाबत.

संदर्भ: (१) आपले अभिनंदनपत्र, दि. ४ मार्च. (२) जिल्हा वार्तापत्रातील अर्जदाराचा फोटो, दि. ६ मार्च. (३) टोमाताईने टपालाने परत पाठवलेला चमचा, दि. ९ मार्च.

महोदय,

अर्जदारास एका कागदाची निकड आहे आणि तो कागद आपल्याखेरीज कुणी देऊ शकत नाही. गावसभेचे चिटणीस हाबो, जे शेती करतात आणि उरलेल्या वेळात नियम पाठ करतात, त्यांनी बजावले आहे की सरकारी अर्जात 'मी' लिहायचे नसते. "मी-मी करणाऱ्याचा अर्ज ढिगाच्या तळाला जातो, हिल्केकाकू," असे ते म्हणाले. सबब अर्जदार स्वतःविषयी परक्या बाईसारखे लिहीत आहे. सवय नाही, कुठे पाय घसरला तर सांभाळून घ्यावे.

१. अर्जदाराला जगात एकच सख्खी बहीण उरली आहे. नाव टोमा, अर्जदाराहून सहा वर्षांनी मोठी, मुक्काम हाफेनबुर्गचा वृद्धाश्रम, खोली क्रमांक चौदा. आमच्या दारापासून तिच्या दारापर्यंत अकरा किलोमीटर. गेली सहा वर्षे दर मंगळवारी आणि शुक्रवारी अर्जदार दोन दहाच्या बसने तिच्याकडे जायची, दोघी चहा प्यायच्या, वडिलांचे घड्याळ खरे कुणाला मिळायला हवे होते यावर भांडायच्या आणि पाच पाचच्या बसने अर्जदार परत यायची. १४ डिसेंबरपर्यंत या कार्यक्रमात कधी खंड पडला नव्हता. घड्याळाचा निकालही लागलेला नाही.

आपण दक्षिणेतल्या डोंगरी मुलखातून बदलून आलात असे कळते, म्हणून चहाबद्दल थोडे सांगणे भाग आहे. आमच्याकडे पाहुण्याला तीन कप घ्यावेच लागतात. खडीसाखर आधी, चहा वरून, साय शेवटी, आणि ढवळायचे अजिबात नाही. मग चमचा कशाला, असे आपण विचाराल. चमचा कपात उभा ठेवण्यासाठी. तो ठेवला की पुरे, आता आणखी नको. अर्जदाराचा चमचा टोमाताईच्या खोलीत खिडकीवर असायचा.

२. हरित धोरणाला अर्जदाराचा विरोध नाही, हे आधीच नोंदवून ठेवते. राजधानीने ठरवले की लोकांनी मोटारी सोडून एकत्र प्रवास करावा, ते योग्यच ठरवले. धुराची जुनी बस जाऊन विजेवरची आली त्या दिवशी अर्जदाराने चालकाला सफरचंदाचा केक करून नेला होता. बस इतकी मुकाट यायची की पहिले आठ दिवस सगळ्यांची चुकली, पण तक्रार कुणीही केली नाही.

३. त्यानंतर आपल्या कार्यालयाने गावच्या फाट्यावर सहप्रवास बाक बसवला. कल्पना अशी की ज्याला जायचे आहे त्याने बाकावर बसावे, शेजारच्या खांबावरची, जायच्या गावाच्या नावाची पाटी उलटवावी आणि त्या बाजूला जाणाऱ्या मोटारवाल्याने थांबून त्याला घ्यावे. बाक उत्तम आहे. ओकाचे लाकूड, पाठीला टेकू, वाऱ्याला आडोसा. बाकाच्या आत मोजणी यंत्र आहे, हे मात्र आम्हाला फेब्रुवारीपर्यंत कुणी सांगितले नव्हते. माणूस बसला की 'प्रवासी आला', माणूस उठला की 'प्रवास सुरू झाला'. उठलेला माणूस गाडीत बसला की घरी बटाटे लावायला गेला, हे यंत्राला कसे कळणार? त्याला पाठ कळते, तोंड कळत नाही.

अर्जदार बसची वाट याच बाकावर बसून पाहायची, कारण बसथांब्याची टपरी जुनी म्हणून आपणच काढून नेली होती. प्रत्येक वेळी यंत्राने लिहिले: प्रवासी बाकाने गेला. १४ डिसेंबरला नवे वेळापत्रक आले आणि बस बंद झाली. कारण छापले होते: 'ओल्डरविर्दे येथील प्रवासाची गरज बाकाने पूर्ण भागते.' म्हणजे बसची वाट पाहिली म्हणून बस गेली! अर्जदार उभी राहिली असती तर आज बस असती.

४. तरीही अर्जदाराने कुरकुर न करता बाकावर बसण्यास सुरुवात केली. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी दोनला, पाटी हाफेनबुर्गकडे. मात्र नेमक्या बाकासमोरून आपण हिरव्या रंगाची सायकलवाट आखली आहे आणि तिच्यासाठी 'येथे कोणतेही वाहन थांबवू नये' असा गोल फलक लावला आहे. फलक बाकाला खेटून आहे. अर्जदार बसली की तो तिच्या डोक्यावर येतो.

महोदय, आमच्या गावात माणसे थांबत नाहीत म्हणजे माणुसकी नाही असे समजू नये. माणसे चांगली आहेत, पण फलक वाचतात. शिक्षिकाबाईंची गाडी येते, वेग कमी होतो, काच खाली होते. "हिल्केकाकू, थांबले असते हो, पण थांबता येत नाही!" आणि त्या हात हलवत जातात. हाबोंनी एकदा गाडी न थांबवता चालत्या गाडीचे दार उघडून धरले आणि ओरडले, "चला, टाका पाय आत! चाक फिरतंय तोवर नियम मोडत नाही!" अर्जदाराच्या कमरेत नकली खुबा बसवलेला आहे. ती बारा पावले गाडीबरोबर धावली, दाराला धरून, आणि मग तिने दार सोडले. यंत्रात तो प्रवास नोंदला गेला आहे.

कुणाच्या दारी जाऊन सोडायला का सांगत नाही, असे आपण म्हणाल. एकदा सांगता येते, दोनदा सांगता येते. दर मंगळवारी, दर शुक्रवारी, मरेपर्यंत, असे कोण कुणाला सांगणार? बाकावर बसले की मागावे लागत नाही, पाटी मागते. एवढ्यासाठीच बाक अर्जदाराला आवडला होता. टॅक्सी अख्ख्या टापूत एक आहे आणि ती दुपारी रुग्णांना नेते. सायकलला डॉक्टरांची बंदी आहे.

५. गाडी दिसली की अर्जदार उठायची, गाडी गेली की बसायची. अशा तेवीस दुपारी झाल्या. यंत्राने ३४९ प्रवास मोजले. याखेरीज उन्हाच्या दिवशी अर्जदाराचे मांजर मूस बाकावर झोपायला येते, त्याचे ६३. एकूण ४१२. आपल्या अहवालात 'कमी वजनाचा, बहुधा शाळकरी, सकाळचा नियमित प्रवासी' असे ज्याच्याविषयी लिहिले आहे आणि ज्याला विद्यार्थी सवलत देण्याची शिफारस केली आहे, ते मूस आहे. त्याला सवलत देऊ नये. आधीच शेफारलेले आहे.

६. ४ मार्चला आपले पत्र आले की अर्जदार जिल्ह्यातील सर्वाधिक हरित प्रवासी ठरली आहे. बक्षीस म्हणून देशभर चालणारा वर्षाचा पास मिळणार. समुद्रापासून बर्फाच्या डोंगरापर्यंत कुठेही जा, फक्त स्थानकापर्यंत आपले आपण पोचा. ६ तारखेला वार्तापत्रात फोटो आला: अर्जदार बाकावर, खाली ठळक अक्षरांत '७८व्या वर्षीही पायाला भिंगरी! तीन महिन्यांत ४१२ प्रवास!'

वृद्धाश्रमात वार्तापत्र सकाळी आठला येते. आठ वाजून दहा मिनिटांनी टोमाताईचा फोन आला.

"चारशे बारा!" ती म्हणाली. "आणि मला काय सांगत होतीस? बस बंद झाली, कुणी थांबत नाही, कंबर दुखते. अगं भटकभवाने, चारशे बारात एकदा तरी गाडी चुकून माझ्याकडे वळायची होती!"

अर्जदाराने सांगितले की ती कुठेही गेलेली नाही, फक्त बसली आणि उठली. टोमाताई म्हणाली, "छापलेलं खोटं आणि तू खरी? शिक्का दाखव." आणि तिने फोन ठेवला. तेव्हापासून ती फोन उचलत नाही. महोदय, टोमाताईने चाळीस वर्षे जमीन नोंदणी कार्यालयात शिक्के मारले आहेत. तिचा देवावर विश्वास आहे, पण देवाने काही सांगितले तरी ती जावक क्रमांक विचारील. ९ तारखेला टपालाने पाकीट आले. आत चिठ्ठी नव्हती. अर्जदाराचा चमचा होता.

अर्जदार तो हातात घेऊन स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होती. चहा केला नाही.

७. १० मार्चला अर्जदाराने आपल्या कार्यालयात फोन करून दाखला मागितला. आपल्या सहायकांनी अदबीने सांगितले की प्रवास केल्याचे दाखले देता येतात, न केल्याचा देण्याची तरतूद नाही. फार तर अर्जदाराने समक्ष हजर राहून तसे लिहून द्यावे. अर्जदार म्हणाली, येते, पण कशाने येऊ? ते म्हणाले, बाकाने. शिवाय समक्ष हजर राहिल्यास अर्जदार गावाबाहेर आली हे सिद्ध होईल आणि कुठेही न गेल्याचा दाखला देता येणार नाही, हेही त्यांनीच लक्षात आणून दिले. माणूस हुशार आहे, त्याला वर चढवावे.

८. सबब विनंती अशी की, २४ मार्चपूर्वी दाखला द्यावा. त्या दिवशी, मंगळवारी, टोमाताईला पंच्याऐंशी वर्षे पूर्ण होतात. दाखल्यात इतकेच लिहावे: 'हिल्के कुठेही गेली नाही. ती तुझ्याकडेच निघाली होती.' खाली शिक्का. शिक्का ठळक उमटवावा, तिला आता कमी दिसते. पास अर्जदारास नको, तो बसच्या चालकाला द्यावा, तोही घरीच असतो.

९. दाखला वेळेत न मिळाल्यास काय होणार आहे, तेही आपल्या कानावर घालणे रीतसर ठरेल. हाबोंनी फलक, सायकलवाट आणि आपले पत्र असे तिन्ही शांतपणे वाचून काढले आहे. बाकासमोर वाहन थांबवायला मनाई आहे. बाकामागून, शेतातून, ट्रॅक्टर आणायला नाही. बाक गावसभेच्या ताब्यात आहे, त्याचा रंग उडाला आहे आणि रंगारी हाफेनबुर्गला वृद्धाश्रमाच्या गल्लीत राहतो. म्हणून २४ मार्चच्या मंगळवारी दुपारी दोन दहाला हाबो बाक मागच्या बाजूने उचलून ट्रॉलीत ठेवणार आहेत. अर्जदार त्यावर बसलेली असेल.

ट्रॉलीत माणूस बसवता येत नाही हे आम्हाला माहीत आहे. परंतु आपल्याच ४ मार्चच्या पत्राप्रमाणे जो बाकावर बसला तो सार्वजनिक प्रवासात आहे. अर्जदार ट्रॉलीत नसेल, बाकावर असेल. पोलिसांनी अडवल्यास हेच पत्र दाखवण्यात येईल. पाटीचा खांबही सोबत घेत आहोत.

एकच प्रार्थना आहे. यंत्र त्या दिवशी चालू ठेवावे. अर्जदार वाटेत एकदाही उठणार नाही. चौदा नंबरच्या खोलीखाली उठेल. तो एक प्रवास खरा धरावा आणि आधीचे चारशे बारा खोडून टाकावेत. हाबोंची माफी मागून लिहिते: तीन महिने मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी तयार होऊन, केस विंचरून, तिच्यासाठी खडीसाखर घेऊन रस्त्यावर बसले आहे, साहेब. मला कुणी फिरस्ती म्हणू नये.

आपली नम्र, अद्याप जागची न हललेली,

हिल्के उबेन
ओल्डरविर्दे, दि. १६ मार्च

सोबत:
१. वार्तापत्राचे कात्रण.
२. मांजराचा फोटो, वजनासह.
३. चमच्याचा फोटो. (मूळ चमचा जोडता येत नाही, मंगळवारी लागणार आहे.)

प्रत माहितीसाठी: श्रीमती टोमा फ्रेरिक्स, खोली क्र. १४, वृद्धाश्रम, हाफेनबुर्ग. ताई, शिक्का मिळो न मिळो, खाली ट्रॅक्टर वाजला की खिडकीत ये. पाणी उकळत ठेव. घड्याळ तू ठेव.