तळ्यातली नणंद

तीर्थरूप आत्या,

तुला वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो आहे. माझ्या खोलीचं छत तिरकं आहे आणि टेबल नेमकं ते उतरतं त्या बाजूला.) तुझा गुडघा कसा आहे? उजवा विचारतोय. डाव्याची चौकशी मागच्या पत्रात केली होती, तेव्हा तू कळवलंस की दुखतो तो उजवा. बाबांची तब्येत आणि बाबांचा माझ्यावरचा राग, दोन्ही कसे आहेत? राग उतरला असेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखव. उतरला नसेल तर नक्कीच दाखव, फक्त शेवटचा ता. क. गाळून.

मी सुखरूप आहे. पत्राला उशीर झाला, कारण आधी सुखरूप नव्हतो, आणि तशात लिहिलं असतं तर तू बाबांना सांगितलं असतंस आणि बाबा मला न्यायला आले असते. आता सगळं मार्गी लागलंय. खोली राहिली, नोकरी राहिली आणि मी मठ्ठ नाही हे सिद्ध झालं. कसं ते सांगतो, पण त्याआधी बसबद्दल सांगायला हवं.

या शहरातल्या बसच्या कपाळावर नंबर असतो. स्टॉपवरची माणसं लांबूनच बस बघतात, शांतपणे पिशवी उचलतात आणि एक पाऊल पुढे येतात. मला मात्र बस नाकासमोर येईपर्यंत नंबर कळायचा नाही, आणि तोवर ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे बघून ‘याला यायचं नाहीये’ असं ठरवून निघून गेलेला असायचा. मला वाटायचं, इथल्या लोकांना बसचं वेळापत्रक पाठ आहे. मग मी जी थांबेल तीत चढायचो आणि जिथे उतरवतील तिथे उतरायचो. तुम्ही सगळे मला लहानपणापासून भटक्या म्हणत आलात. मलाही वाटायचं, आपल्या अंगातच काहीतरी आहे जे एका जागी ठरू देत नाही. आता हिशेब लावतो तेव्हा वाटतं की माझ्या भटकंतीतली निम्मी भटकंती चुकीच्या बसची होती. असो. (काका एकदा मला स्टेशनवर आणायला आले होते आणि मी त्यांच्यासमोरून निघून गेलो होतो, आठवतं? ते वर्षभर बोलले नाहीत. तेही याच खात्यातलं. त्यांना कळव.)

तर अशाच एका चुकीच्या बसनं मला शेवटच्या स्टॉपला सोडलं. समोर एक अरुंद घर, खाली केस कापायचं दुकान, वर जायच्या जिन्याच्या दारावर कागद चिकटवलेला: खोली भाड्यानं देणे आहे, वाचता येत असेल त्याने वर यावे. मी कागदाला नाक लावून तो वाचला, म्हणजे परीक्षा पास झालोच, आणि वर गेलो.

घरमालकीणबाईंना मी काकू म्हणतो. काकूंना दिसतं, पण मधलं दिसत नाही. माणसाच्या कडा दिसतात, तोंड नाही, असं त्या सांगतात. (त्यामुळे भाडेकरू निवडताना तोंड बघत नाहीत, हा माझ्यासारख्याला फायदाच.) त्यांचं एकच व्यसन आहे, परदेशी पोलिसांची एक मालिका. लोक बोलतात ते कोणाच्या बापाला कळत नाही, पण खाली आपल्या भाषेतल्या ओळी येतात. त्या ओळी मोठ्यानं वाचून दाखवायच्या, अशी खोलीची अट. काकू म्हणाल्या, “आधी थोडे दिवस बघते तुझं वाचन. जमलं तर रहा, नाही तर रस्ता मोकळा आहे.” त्यांची लेक दुसऱ्या गावी असते आणि ‘तुला दिसत नाही, घर बंद कर नि माझ्याकडे ये’ असा धोशा तिनं लावलेला होता. काकूंचं उत्तर ठरलेलं: मला वाचून दाखवणारा आहे. म्हणजे आत्या, माझ्या वाचनावर नुसती माझी खोली नव्हती, काकूंचं घरही त्यालाच टांगलेलं होतं. हे मला आधी माहीत असतं तर मी त्या कागदापासून नाक दूरच ठेवलं असतं.

संध्याकाळी पहिल्यांदा मालिका लागली. काकू टीव्हीजवळच्या खुर्चीत. खालचे कात्रीकाका आणि शेजारच्या इस्त्रीवाल्या बाई सोफ्यावर, कारण मोठ्यानं वाचणारा आलाय ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती (धावत्या ओळी वाचायचा दोघांनाही कंटाळा). आणि मी सगळ्यांच्या मागे, दाराजवळच्या स्टुलावर. मालिका सुरू झाली आणि टीव्हीच्या तळाशी पांढऱ्या मुंग्यांची एक रांग आली नि गेली. दुसरी आली नि गेली. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मास्तर पहिलीपासून सांगत होते तेच खरं, याच्या डोक्यात अक्षर शिरत नाही. हातातला कागद मला वाचता येतो, मग हे का येत नाही, असा प्रश्न त्या घाईत मला सुचला नाही. (नंतरही नाही. मी कामाला आहे त्या बॅगदुरुस्तीच्या दुकानात मी चेनचा बारीकसा दातसुद्धा बघताक्षणी शोधतो. मालक म्हणतात, नजर असावी तर अशी. त्यामुळे डोळ्यांवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. लांबचं सगळ्यांनाच धूसर दिसतं, म्हणून तर त्याला लांबचं म्हणतात, अशी माझी समजूत.)

अशा वेळी माणसाला आपली माणसं आठवतात. मला तू आठवलीस. शाळा बुडवून तुझ्या शेजारी बसून मी ज्या मालिका बघितल्या त्या काय वाया गेल्या? तूच शिकवलेलं: खिडकीकडे तोंड आणि आपल्याकडे पाठ करून बोलणारा खोटं बोलत असतो. हातात पेला घेऊन जिना चढणारी बाई काहीतरी ऐकणार आणि पेला पडणार. जेवताना अर्धवट उठतो तो चांगला, शेवटपर्यंत बसून जेवतो तो कारस्थानी. पडद्यावर एक करड्या कोटातला उंच माणूस तळ्याकाठी उभा होता, खांदे पडलेले, शेजारी केसांची शेपटी बांधलेली एक बाई, आणि पाण्यातून कोणालातरी वर काढत होते. मी घसा खाकरला आणि वाचलं: “वहिनी, तुमच्या नणंदबाई गेल्या. आता या घराला कोण सांभाळणार?”

काकूंच्या तोंडून ‘अरे देवा’ निघालं. इस्त्रीवाल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. झालं, गाडी सुटली.

त्यानंतर मी थांबलोच नाही. करडा कोट म्हणजे धाकटे दीर. शेपटीवाली म्हणजे थोरली जाऊ, माहेरची श्रीमंत पण मनानं चांगली. पोलिस ठाणं म्हणजे त्यांचं सामाईक घर (तिथे सगळे एकत्र बसतात, एकमेकांचे कागद उघडतात आणि कोणी कोणाशी धड बोलत नाही, तेव्हा मला जास्त काही करावं लागलं नाही). दर भागात दीर गाडीतून कुठेतरी जाऊन तळ्याकडे बघत उभे राहायचे आणि मी त्यांच्या तोंडी वाटणीचं, मानपानाचं, लग्नातल्या जुन्या अपमानाचं घालायचो. माल संपला की आपल्या घरचं वापरायचो. (तुझं आणि धाकट्या काकूचं शिलाई मशीनवरून झालेलं भांडण एका भागात पूर्ण आलंय. तुझी बाजू मी उजवी दाखवली आहे.) लोक वाढले. कात्रीकाका तर गिऱ्हाइकाची एक बाजू कापून वर यायचे.

आणि मग काकूंच्या लेकीचा फोन आला. शेवटच्या भागाला मी येते, बघू तुझा वाचणारा कसा आहे ते, आणि मग एकदाचं ठरवून टाकू.

मी बॅग भरली. आत्या, दुसऱ्यांच्या बॅगा दुरुस्त करून माझ्याच बॅगेची चेन अडकलेली, हे तेव्हा लक्षात आलं. ती बसली असती तर मी पुन्हा कुठल्यातरी बसमध्ये असतो. पण काकूंनी हाक मारली, “अरे, दीर आले!” आणि मी गुमान स्टुलावर जाऊन बसलो.

लेक माझ्या शेजारीच उभी. दीर आभाळाकडे बघून काहीतरी बोलले. मी वाचलं: “वहिनी, माझ्या लग्नात तुम्ही जे केलंत ते मी विसरलेलो नाही.”

“तिथे ‘पाऊस येईल’ असं लिहिलंय,” लेक म्हणाली.

मग कात्रीकाका म्हणाले, “अहो ताई, पण पाऊस येईल एवढं सांगायला कोणी असं तोंड पाडतं का?”

मला वाटलं आता माझं सामान जिन्यावरून खाली येणार. पण ताईंनी माझ्याकडे नीट बघितलं, डोळे बारीक करून मी पडद्याकडे बघत होतो ते बघितलं, आणि म्हणाल्या, “उठा. एक पाऊल पुढे. आता वाचा.” मुंग्या. “अजून पुढे.” मुंग्या, पण जाड. “अजून.” मी काकूंच्या खुर्चीला अडखळून टीव्हीसमोर गुडघ्यावर आलो आणि मुंग्यांची अक्षरं झाली! “गाडी काढ,” मी वाचलं. “बरोबर. आता मागे.” त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी एकदा माझा डावा डोळा झाकला, एकदा उजवा, मला खोलीभर पुढेमागे नाचवलं, आणि सगळे माझ्याचकडे बघत होते. इस्त्रीवाल्या बाई तर मला उत्तरं सुचवत होत्या. एवढ्यात शेवटचं संगीत वाजलं.

“धरलं कोणाला?” काकूंनी विचारलं.

सगळे पडद्याकडे वळले. पडद्यावर नुसती नावं. खुनी कोण ते आमच्यापैकी कोणीही बघितलं नव्हतं.

“तुझ्या डोळ्यांपायी नणंदेचा मारेकरी सुटला,” काकू मला म्हणाल्या.

“आई, कुठली नणंद? हा मुलगा तुला इतके दिवस फसवतोय!”

“फसवतोय कुठे, सांगतोय. तो नसता तर मी पावसाचा अंदाज ऐकत बसले असते. आणि तू मला तुझ्याकडे नेऊन करणार काय? तुझ्याकडे कात्रीकाका आहेत का?”

कात्रीकाकांनी मान खाली घातली. (खरं तर त्यांना एका अर्धवट गिऱ्हाइकाची आठवण झाली होती.) ताईंनी आईकडे बघितलं, सोफ्यावरच्या दोघांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीवर बसून हसायलाच लागल्या. हसणं ओसरल्यावर म्हणाल्या, “या घरात माणसं दोन आणि दिसत एकालाही नाही. मला झोप कशी यायची? निदान एकाला तरी दिसू दे, मग आई, तू खुशाल इथे रहा.” आणि दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या गावी, दुकानात नेऊन त्यांनी माझ्या नाकावर चष्मा ठेवला.

आत्या, झाडाला पानं सुटी सुटी असतात! मला वाटायचं ते जवळ गेल्यावर सुटी होतात. बस लांबून नंबरासकट येते. मालकांच्या कपाळावर मला बघताना आठी पडते हेही दिसलं, आणि माझी खोली मी रोज झाडतो हा गैरसमज दूर झाला. त्या चष्म्याच्या दुकानाबाहेर उभा राहून मी समोरच्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचल्या. अक्षर माझ्या डोक्यात शिरत होतं, आत्या. त्याला इतकी वर्षं यायला रस्ताच नव्हता. फळा मला कधी दिसलाच नव्हता, आणि मास्तरांनी मला दरवेळी शिक्षा म्हणून मागच्या बाकावर बसवलं होतं. हे बाबांना सांग. सावकाश सांग, पण सांग.

तर काकूंचं घर राहिलं आणि माझी खोलीही. लगेचच त्या मालिकेचं नवं पर्व सुरू झालं. सगळे जमले, मी चष्मा पुसून स्टुलावर बसलो आणि एकही शब्द न चुकता वाचलं. ‘नमस्कार.’ ‘बसा.’ ‘बाहेर थंडी आहे.’ ‘हो, आहे.’ ‘कॉफी?’ ‘नको.’ इस्त्रीवाल्या बाईंना जांभई आली. कात्रीकाका गिऱ्हाइकाची दुसरी बाजू उरकायला खाली गेले. काकू बराच वेळ सोसत होत्या. शेवटी म्हणाल्या, “बाळा, तुझे डोळे सुधारले याचा मला आनंद आहे. आता चष्मा काढ.”

काढला.

सगळ्यांना यथायोग्य. गुडघा जप.

तुझा,
(आता चष्मेवाला)

ता. क. खरं काम राहिलंच. तुझ्या त्या मालिकेतली मधली सून पाण्यात बुडून, श्राद्ध झाल्यावर, जिवंत परत आली होती, ती नक्की कशी? काकूंना नणंद जिवंत हवी आहे आणि मला पुढच्या भागाच्या आत ती तळ्यातून काढायची आहे. सविस्तर लिही. साडी कुठली होती तेही लिही, विचारतील.

आणखी ता. क. शिलाई मशीनच्या भांडणात शेवटी जिंकलं कोण? इस्त्रीवाल्या बाई रोज विचारतात. धाकट्या काकूला विचारू नकोस.

शेवटचा ता. क. (हा बाबांना वाचून दाखवू नकोस.) काल चष्मा लावून, चांगल्या उजेडात, एका जुन्या शालेय पुस्तकातलं दोन नळ आणि एका टाकीचं गणित सोडवायला घेतलं. एक एक आकडा लख्ख दिसला. उत्तर अजून आलेलं नाही.