माझ्या कद्दीशची सोय

मी, मिल्का एझ्रा झिराडकर, वय ७८, सेवानिवृत्त परिचारिका, राहणार नालवाडी, वर्धा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या दबावाचा प्रश्न नाही; दबाव आणायला घरात दुसरे माणूस लागते.

१. मी ज्यू आहे, आमच्या लोकांना बेने इस्राएल म्हणतात. माझ्या माहितीत जिल्ह्यात आता मी एकटीच उरले. मला जाळू नये. ख्रिस्ती दफनभूमीच्या कडेला माझे वडील आहेत, त्यांच्याशेजारी पुरावे. फाटकी प्रार्थनापुस्तके रद्दीत घालू नयेत. देवाचे नाव असलेला कागद आम्ही माणसासारखा पुरतो, तेव्हा ती माझ्यासोबतच ठेवावीत.

२. शब्बाथला, म्हणजे आमच्या विसाव्याच्या दिवशी, मनुकांच्या रसावर आशीर्वाद म्हणण्याचा चांदीचा पेला इस्राएलमधल्या अश्दोदच्या चुलतभावाला, दानियलला द्यावा. प्रेमापोटी नव्हे. वडील गेले तेव्हा मुंबई-नागपूरहून माणसे आली, तरी दहाला एक कमी पडला. दहा पुरुषांशिवाय कद्दीश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणत नाहीत. मी म्हटले, "मी उभी आहे की." दानियल म्हणाला, "बायका मोजत नाहीत," आणि पुस्तक मिटले. शास्त्र त्याच्याच बाजूने होते, पण माझा राग गेलेला नाही. तरी पेला त्यालाच. एकटीच्या घरात तो नुसता काळा पडतो.

३. राहते घर व बँकेतील शिल्लक शेजारीण वर्षाली हिला. शब्बाथला मी विस्तव पेटवत नाही, म्हणून शनिवारचा चहा तिच्याकडून येतो. एकदा तिने विचारले, "काकू, तुमचा देव गॅस काऊन पेटवू देत नाई?" मी म्हटले, "एक दिवस तरी दुसऱ्याच्या हातचा चहा प्यावा म्हणून असेल." दूरच्या भाच्यांनी हरकत घेऊ नये. त्यांच्याकडे माझा फोन नंबरसुद्धा नाही.

४. कद्दीशमध्ये मरणाचा शब्द नाही, मेलेल्याचे नाव नाही. नुसती देवाची स्तुती. ज्याचे माणूस गेले त्यानेच उभे राहून देवाला थोर म्हणायचे, आणि ते त्याला एकट्याला जड जाऊ नये म्हणून बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचे, असा अर्थ वडिलांनी मला सांगितला होता. वर्ध्यात दहा ज्यू जमणार नाहीत, हे मला कळते. नियमाने माझे कद्दीश होणार नाही. तरी ते व्हावे असे मला फार वाटते. म्हणून ते देवनागरीत उतरवून वर्षालीला दिले आहे. परवा तिने माझ्यासमोर वाचून पाहिले. अडखळत वाचले, पण चुकली नाही. मग थांबली आणि म्हणाली, "काकू, इथं बाकीच्याइनं म्हणाचं हाय ना?"

घरात आम्ही दोघीच होतो. तेव्हा आमेन मी म्हटले.

सबब दफनाला कोणी आले नाही, तर वर्षालीने वाट पाहत उभे राहू नये. वाचून मोकळे व्हावे. तिला लागणारे आमेन मी आधीच म्हणून ठेवले आहे.

वर्षालीला वाटा असल्याने साक्ष तिची नाही. खालील दोघांसमोर मी सही केली व त्यांनी माझ्यासमोर.

(सही) मिल्का एझ्रा झिराडकर

साक्षीदार:
(सही) बंडूजी उमाटे, ऑटोचालक, नालवाडी
(सही) शकुंतलाबाई लोणकर, सेवानिवृत्त परिचारिका, सेवाग्राम

ठिकाण: वर्धा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४