रिठ्याचा फेस

आई, फरशी पुसायचं पाणी तू कसं करायचीस ते नीट सांगून ठेवायला हवं होतंस. आता विचारू कुणाला? गेले कित्येक दिवस बारामतीच्या या फ्लॅटमध्ये गॅसवर पातेलं चढतंय, उतरतंय, आणि पाणी काही केल्या तुझ्यासारखं होत नाही. साठी उलटलेला, बँकेतून निवृत्त झालेला तुझा लेक पळीनं रिठे ढवळत उभा असतो. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

भवानीनगरची आपली खोली डोळ्यांसमोर येते. दादांचा कारखान्यातला पगार, खाणारी तोंडं ढीगभर, आणि तुझा हट्ट असा की साबण-सोड्यासाठी दुकानाची पायरी चढायची नाही. उसाच्या बुडख्यांची राख चाळून भांड्यांना, चिंचेचा कोळ तांब्या-पितळेला, आणि फरशीला, गोधड्यांना रिठ्याचं पाणी. इंदापूरच्या बाजारातून आणलेले रिठे तू भिजत घालतेस, बिया काढून सालं उकळतेस, फडक्यातून गाळतेस. मग पाणी घुसळून फेस तळहातावर घेतेस आणि फुंकतेस. फेस उडाला की "अजून पातळ हाय," म्हणून पातेलं परत चुलीवर. फेस जाग्यावर बसून राहिला की पाणी झालं. मी जवळ आलो की खेकसायचीस, "लांब हो, डोळ्यात गेलं म्हंजी बोंबलत बसशील." पहिल्या पगारात मी तुला वासाच्या धुण्याच्या पावडरीचा पुडा आणला, तो तू फोडलाच नाहीस. लुगड्यांच्या घडीत ठेवलास. "एवढा वास धुण्यात घालून संपवू व्हय?" तेव्हा मला राग आला होता. आता हसू येतं.

तुझी सून मात्र तुझ्या अगदी उलट. नवी नवरी होती तेव्हाच राखेला बघून तिनं नाक मुरडलं होतं. बारामतीत बिऱ्हाड केल्यावर फरशीला दोन्ही वेळा फिनेल, मोरीला ॲसिड. पाहुणे दारातच म्हणायचे, काय स्वच्छ घर ठेवलंय हो, आणि ही फुलून जायची. दिवाळीपासून तिला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी तपासलं, फुफ्फुसं नाजूक झालीत म्हणाले, आणि लगेच विचारलं, घरात फरशीला काय वापरता? त्या दिवसापासून बाटल्या बंद. मी म्हणालो, आईचं पाणी करतो, पैसेही वाचतील. पैशाचं आपलं म्हणायला.

पण तिला चैन पडेना. मी पुसून गेलो की ही नाक वर करून हुंगणार आणि उसासा टाकणार. मागच्या आठवड्यात दूध घेऊन परत येतो तर जिन्यापर्यंत फिनेलचा वास. आत ही पलंगाच्या कडेला वाकून बसलेली, तोंडातून शब्द फुटेना, ओठ काळेनिळे. पिठाच्या डब्यामागं एक बाटली लपवून ठेवली होती बाईनं, त्यातलं झाकणभर माझ्या बादलीत ओतलं होतं. दवाखान्यात वाफ दिली, मास्क लावला. जरा श्वास आला तशी मास्क बाजूला करून मलाच सांगते, "अवो, वास आल्याबिगार पुसल्यासारखं वाटतच न्हाय. कुणी आलं तर काय म्हणंल?" मी तिथंच तापलो. म्हटलं, "कुणी येईल तेव्हा दार उघडायला तू नको का?" शेजारच्या खाटेवरची बाई बघायला लागली. हिनं चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग हळूच म्हणाली, "आत्याबाईंचं पाणी जमंना तुमाला. म्हणून घातलं."

म्हणून तिला घरी आणल्यावर आज सकाळपासून पुन्हा तेच. जीव थाऱ्यावर नाही, एक काम धड होत नाही. आतून खोकला ऐकू आला की पळी टाकून धावतो, तिची पाठ चोळतो, परत येतो तर पाणी आटलेलं. मग तांब्याभर ओततो, की पातळ. पुन्हा उकळतो, पुन्हा खोकला. माझ्या फुंकरीनं फेस सगळा ओट्यावर उडत होता.

दुपारी ती भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आली. "बघू," म्हणाली आणि तळहात पुढं केला. मी चकित झालो. मला वाटायचं, तुझ्या कामाकडं तिनं कधी बघितलंच नाही. सगळं बघून ठेवलं होतं. मी पाणी घुसळून फेस तिच्या हातावर ठेवला. तिनं ओठांचा चंबू केला, डोळे मिटून फुंकलं. फेस जाग्यावर बसून राहिला. "झालं बघा, आत्याबाईंसारखं," म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. त्याच पाण्यानं मी सगळं घर पुसून काढलं. ती खुर्चीत बसून, पुसायचे राहिलेले कोपरे दाखवत होती.

आता तिचा डोळा लागलाय. हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा रिठ्यांच्या पिशवीतच ठेवतो. तुला एवढंच विचारायचं होतं, की पाणी खरंच झालं होतं, का तिची फुंकरच फेसापर्यंत पोचली नाही? पातेल्यात अजून थोडं पाणी उरलंय. आपण स्वतः फुंकून बघावं, तर मला धीर होत नाही, आई.