निळ्या स्कूटरचं टायमिंग

बेलवली, बदलापूर
८ डिसेंबर २०२४

प्रिय प्रतिभा,

अनेक आशीर्वाद. मी मजेत. गुडघे कुरकुरतात, पण त्यात नवीन काही नाही. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणाऱ्या वहिनीला हे पत्राचं खूळ कुठून लागलं, असं म्हणशील. वाच, म्हणजे कळेल.

तुझ्या दादाची निळी स्कूटर सुरू झाली! तुझा विकासदादा गेल्यापासून पाच वर्षं झाकून ठेवलेली. भंगारवाला सारखा विचारायचा, मी सारखी त्याला हाकलायचे. शेवटी काल पार्किंगमध्ये गोणपाट अंथरून बसलोच. प्लग काळाकुट्ट झाला होता, तो घासला. मग पॉइंट साफ केले. त्या दोन पॉइंटांत बारीकशी फट ठेवावी लागते, नाहीतर ठिणगीच पडत नाही. मापाची पट्टी सापडेना. दादाच्या खोक्यात त्याचंच व्हिजिटिंग कार्ड मिळालं, अगदी तेवढ्याच जाडीचं.

'बसलोच' असं लिहिलंय ना मी? बरोबर वाचलंस. सोबत धर्मराज होते. दुसऱ्या मजल्यावरचे, आनंदनगरच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते ते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली त्यांची. मी कार्डाला कात्री लावली, तर म्हणाले, "सुषमा, नावाच्या बाजूने नको हं. कोऱ्या बाजूने काप."

पहिल्या किकला स्कूटर अशी फाडकन वाजली, की तळमजल्यावरच्या बनूबाई हातातला झाडू घेऊनच बाहेर आल्या. "कुनाची वरात हाय गं?"

ठिणगी पडायचं टायमिंग चुकलं होतं. आम्ही नुसते हसत सुटलो. माझे तर कान तापले.

प्रतिभा, बनूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर तुला देते. आमचीच. जानेवारीत रजिस्टर लग्न करायचं म्हणतोय. मी फार आनंदात आहे गं, आणि तेवढीच घाबरलेय. दादा गेल्यावरही तू मला वहिनीच म्हणत राहिलीस. ती हाक बंद झाली, तर मला हे सुख गोड लागणार नाही.

टायमिंग नीट लावल्यावर स्कूटर दुसऱ्या किकला सुरू झाली. येत्या रविवारी अंबरनाथवरून तुझ्याकडे कॅम्प एकला येतोय. चालवणार मी, तुझ्या दादाने शिकवलंय तशी. धर्मराजना इंजिन खोलता येतं, गिअर टाकता येत नाहीत! ते मागे बसतील, नारळाच्या वड्यांचा डबा धरून.

आवाज तुझ्या ओळखीचा आहे. ऐकलास की गॅलरीत ये, आणि नेहमीसारखी हाक मार. मग आम्ही दोघं वर येऊ.

तुझी, अजूनही,
वहिनी